खोक्यावरचं सोल

वाजिद पेवेकर हा काळजी करायलाच जन्माला आलेला माणूस. विमान संध्याकाळचं असलं तर हा दुपारच्या जेवणाआधी विमानतळावर जाऊन बसणार. घराबाहेर पडताना गॅसचा नॉब बघणार, जिना उतरल्यावर परत वर येऊन पुन्हा बघणार. खिशातला बताका, म्हणजे कुवेतमधलं ओळखपत्र, जागेवर आहे ना हे चालता चालता वरून चाचपणार, आणि आहे असं कळलं की याला नवी काळजी: आपलं हे चाचपणं एखाद्या पाकीटमाराने पाहिलं असलं तर? त्याची बायको झुलेखा सांगते, की निकाहाच्या वेळी 'कबूल' म्हणतानासुद्धा यांच्या कपाळाला आठ्या होत्या. तिचे मामा घाबरले होते, मुलगा मनाविरुद्ध लग्न करतोय की काय म्हणून.

गुहागरकडच्या खाडीकाठचा हा माणूस तरुणपणी कुवेतला आला आणि तिथल्या हवल्ली भागातच राहिला. आता साठीला टेकलाय. वस्तीच्या सहकारी भांडारात, ज्याला इथे सगळेच जमिया म्हणतात, तो भाजी-फळांचा विभाग सांभाळतो. कलिंगडं पांढरी निघतील, काकड्या माना टाकतील, अशा काळज्यांवर त्याचे दिवस बरे चालले होते. सवयीच्या काळज्या फारशा छळत नाहीत, उलट सोबत करतात. पण जुलैतल्या त्या शनिवारी सकाळी त्याच्यापुढे जे वाढून ठेवलं होतं त्याची त्याला सवय नव्हती.

त्या दुपारी हिबा यायची होती. हिबा म्हणजे रियाजची मुलगी. रियाज म्हणजे वाजिदचा जिवाभावाचा दोस्त, शेजारच्या गावचा, कुवेतमध्ये एकाच खोलीत राहिलेला, आणि सहाव्या रिंग रोडवर गाडीच्या अपघातात भर तारुण्यात गेलेला. तो गेला तेव्हा हिबा रांगत होती. तिला बापाचा चेहरा फोटोंतून पाठ होता, पण आवाज तिने कधी ऐकला नव्हता. आईबापाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती घरात. पण गावाकडच्या व्हिडिओवाल्याने सबंध लग्नावर गाणी चढवून ठेवलेली. रियाज त्यात हसतो, कोणाला तरी हाक मारतो, ओठ हलतात, आणि ऐकू येते ती सनई. लहानपणी ही पोर टीव्हीला कान लावून बसायची, सनईच्या मागून काही ऐकू येतं का म्हणून. हे वाजिदने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पाहून बाहेर जाऊन उभा राहिला होता.

आता हिबाचं लग्न झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याकडे कॅनडाला चालली होती. लग्नाच्या गर्दीत तिने वाजिदला बाजूला घेऊन विचारलं होतं, की अम्मी म्हणते तुमच्याकडे अब्बांच्या गाण्याची एक कॅसेट आहे, ते खरं का? वाजिद म्हणाला, आहे ना बेटा, शनिवारी घरी ये. रियाज गेल्यावर त्याने ती कॅसेट असमाला, रियाजच्या बायकोला, देऊ केली होती. असमाने हात मागे घेतले. म्हणाली, माझ्याने ऐकवणार नाही, तुमच्याजवळच राहू द्या. ती त्याच्याजवळ राहिली. त्यानेही कधी ऐकली नाही, आणि बघता बघता कॅसेट वाजवायची यंत्रंच घराघरांतून गेली.

तर शनिवारी सकाळी वाजिदने शुक्रवारच्या बाजारातून आणलेला जुना टेपरेकॉर्डर पुसून ठेवला, स्टुलावर चढला, कपाटावरचा खोका उतरवला आणि चिकटपट्टी कापली. आतून आंबूस वास आला. खोक्यात कोकमाची सोलं होती. काळीभोर, मिठाने पांढुरकी झालेली, मेव्हणा ओवैस मेमध्ये गावाहून घेऊन आला होता ती.

वाजिदने दोन्ही हात कोपरापर्यंत त्या सोलांत घातले. तळाला काही लागेल असं त्याला का वाटलं कोण जाणे. काहीच लागलं नाही. हात लाल झाले, तसाच त्याने झुलेखाला हाक मारली. ती आली, हात बघून घाबरली, कापलं की काय म्हणाली. त्याने विचारलं, दुसरा खोका कुठाय?

"तो लीनाभाबीना दिला नाय काय मी? एगैलाच्या. त्यांच्या मंडळाच्या जेवणाला सोलां पायजे व्हती."

"अगो, त्याच्यात कॅसेटी व्हत्या."

"खोक्यावर तर सोल लिवला व्हता," झुलेखा म्हणाली. "तुमच्याच हाताने लिवलेला. आता तुमी सोलांच्या नावाखाली काय भरून ठेवलाव, ता माना काय ठाव?"

ते त्यानेच लिहिलं होतं, हे खरं. आणि का लिहिलं होतं, तेही सांगायला हवं.

युद्ध संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं त्या वर्षांत वाजिद आणि रियाज हवल्लीतल्या एका कॅसेटच्या दुकानात कामाला होते. दुकानात सगळं मिळायचं: अरबी गाणी, हिंदी गाणी, कव्वाल्या. पण सगळ्यांत जास्त खपायची ती एकच कॅसेट, अमेरिकेतल्या चार काळ्या गायकांच्या एका जुन्या गटाची. गटाचं नाव लांबलचक होतं आणि नकली वेष्टनावर ते निम्मंच छापलेलं असायचं, त्यामुळे दुकानात त्यांना 'ते चौघे' एवढंच म्हणत. ही गाणी या दोघांच्या जन्माच्या आसपासची. तरी ती मागायला कोण यायचं नाही? अमेरिकन सैनिक यायचे, फिलिपिनो नर्सा यायच्या, इजिप्ती मास्तर यायचे, आणि पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला एखादा कुवेती बाप आपल्या मुलाला घेऊन यायचा आणि म्हणायचा, याला खरं गाणं ऐकव. एक जण पुढे येऊन आपलं दुःख सांगतो आणि तिघे मागून, खरंय रे बाबा, असंच असतं रे बाबा, असं म्हणत राहतात, एवढाच त्या गाण्यांचा प्रकार. पण ठेका असा, की दुःखाची मान डोलायला लागावी.

रियाजला त्या पुढच्या गायकाचं वेड लागलं. इंग्रजी धड येत नव्हतं. शब्द उर्दूत लिहून काढायचा आणि हुबेहूब तसे म्हणायचा, खर्जातली ती खरखर, मध्येच फाटणारा सूर, सगळं. एका सैनिकाला त्याने विचारलं, या प्रकाराला म्हणतात काय? तो म्हणाला, सोल, म्हणजे आत्मा. रियाजने खोलीवर येऊन वाजिदला सांगितलं आणि दोघं पोट धरून हसले, कारण आपल्याकडे सोलं कढीत पडतात. वाजिदने मार्कर घेतला आणि कॅसेटींच्या खोक्यावर देवनागरीत लिहून टाकलं, 'सोल'. गावात उर्दू शाळा असूनही बापाने त्याला मराठी शाळेत घातलं होतं, त्याचा हा एवढा उपयोग झाला.

मेव्हण्याने आपल्या खोक्यावर नीट 'सोलं' लिहिलं होतं. डोक्यावर टिंब देऊन. दोन्ही खोके सारखे, सारखी तपकिरी पट्टी मारलेली. जुनी इमारत पाडायला घेतली म्हणून घर बदललं तेव्हापासून दोन्ही एकमेकांशेजारी होते. झुलेखा उर्दू शाळेत शिकलेली, देवनागरी अक्षराला अक्षर जोडून वाचते. जिच्या लिपीत नुसत्या टिंबांवर शब्दाचं मरण-जगणं ठरतं तिनेच नेमकं हे टिंब पाहिलं नाही, आणि यात तिचा दोष काढावा तर कसा, हे वाजिदला कळेना. तोंडाशी आलेला बोल गिळून त्याने एगैलाला फोन लावला.

लीना मूळच्या पुण्याच्या, आता एगैला नावाच्या वस्तीत राहणाऱ्या. नवरा रविकांत तेलकंपनीत इंजिनियर. झुलेखाची आणि त्यांची ओळख एका दवाखान्यात शेजारी बसून झालेली, आणि मग लोणची-पापडांची ये-जा सुरू झालेली. फोनवर लीना आधी खूप वेळ आभारच मानत राहिल्या. वाजिदने कसंबसं मध्ये बोलत विचारलं, की खोका उघडला होता का?

"नाही हो वाजिदभाई, आम्ही कुठला उघडतोय? रविकांतने परस्पर गाडीत घातला आणि सुलैबियाला मयूर केटररकडे टाकला. मंडळाचं जेवण त्याच्याकडेच होतं ना. पण कढी अगदी फर्स्ट क्लास झाली होती हं." मग त्या थांबल्या. "अगं बाई. मयूरचा एक व्हॉइस मेसेज दिसतोय मला, ऐकलाच नाही मी. थांबा, लावते."

फोनवरून फोनचा आवाज आला, वाऱ्यात कोणी ओरडावं तसा. वहिनी, तुमच्या खोक्यात सोलं नाहीत, जुन्या कॅसेटी निघाल्या. सोलं मी दुसरीकडून आणली. कॅसेटी टाकून नाही दिल्या, काळजी करू नका. पोरांना दिल्या, चांगल्या उपयोगाला आल्या.

उपयोगाला आल्या. महिन्याभरापूर्वी गेलेल्या जुन्या कॅसेटींचा सुलैबियाच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय उपयोग होतो? तो विचार करायला लागला आणि त्याचं डोकं अशा कामात फार तरबेज. टेकू म्हणून वापरल्या असतील. पेटवल्या असतील. पत्र्याखाली ठेवल्या असतील आणि या उन्हात वितळून एकमेकींना चिकटल्या असतील. लीनाकडून नंबर घेऊन त्याने मयूरला फोन केला, मयूर उचलेना. पुन्हा केला. मग टॅक्सी बोलवायला तो खाली उतरला, गॅसचा नॉब न बघता, आणि दारातच हिबाची गाडी उभी राहिली. ती वेळेआधी आली होती.

तिला काय सांगायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, की कॅसेट सुलैबियाला एका मित्राकडे आहे, आणायला निघालोय. हिबा म्हणाली, "ओके चाचा, आय विल टेक यू." तिचा जन्म इथला. कोकणी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत. गाडीत बसल्यावर तिने एसी वाढवला आणि विचारलं, हात कशाने लाल झालेत? सोलं, वाजिद म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

हायवेला लागल्यावर तिने रेडिओ लावला आणि नशिबाची गंमत बघा, त्यावर ते चौघेच लागले. लागतातच. एगैलाच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर लागतात, जमियात सकाळी लागतात, पोरंसोरं फोनवर त्यांच्या ओळीवर नाचून दाखवतात. त्या चौघांतले बहुतेक आता हयात नाहीत. एक म्हातारा उरलाय, आणि गेलेल्यांच्या जागी नवी माणसं घेऊन, सारखे कोट घालून, गट अजून गावोगाव गातो आणि लोक तितक्याच प्रेमाने टाळ्या वाजवतात. वाजिदने हे वाचलं तेव्हा त्याला त्या अमेरिकनांचा थोडा रागच आला होता. त्यांना जागा भरता आली. रियाजची जागा कोणी भरायची?

हिबा स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरत होती. म्हणाली, हे गाणं तिच्या नवऱ्यालाही आवडतं, लग्नात वाजवलं होतं, आठवतं का? मग म्हणाली, अब्बा हेच गायचे ना? वाजिदला राहवलं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं: खोका, टिंब, एगैला, मयूरचा निरोप. कॅसेट असेल की नाही ते मला ठाऊक नाही, तो म्हणाला, आणि असली तर वाजेल की नाही तेही ठाऊक नाही. हिबाने रेडिओ बंद केला. वाजिदला वाटलं, की ती रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं.

सुलैबियातल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेड होत्या, ऊन असं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. मयूरच्या किचनमागे मोकळं आवार होतं. हिबाने गाडी बंद केली आणि दोघांना तो आवाज आला, एक बारीक गुणगुण, थांबून थांबून, वाऱ्याबरोबर चढणारी. वाजिद आवाराच्या फाटकाशी गेला आणि तिथेच उभा राहिला.

आवारात बाजांवर कुरडया आणि पापड वाळत घातले होते. त्यांच्यावर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, आडव्या-उभ्या, कॅसेटींच्या फिती ताणून बांधल्या होत्या. काळ्या-तपकिरी, उन्हात चमकणाऱ्या. वारा आला की त्या थरथरत आणि गुणगुणत, आणि भिंतीवर बसलेली कबुतरं खाली यायचं धाडस करत नव्हती. गावाकडे भाताच्या शेतात पाखरं हाकायला लावतात तशाच. वाजिदनेही आपल्या बापाच्या शेतात लावल्या होत्या एकदा, जुन्या भजनाच्या का कशाच्या कॅसेटीच्या. तेव्हा त्या फितींत कोणाचा तरी आवाज आहे, हे मनातही आलं नव्हतं.

मयूर नाशिककडचा, पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा गृहस्थ. हात पुसत बाहेर आला आणि मोठ्या अभिमानाने दाखवायला लागला, की बघा साहेब, एक पाखरू फिरकत नाही. मग त्याने दोघांचे चेहरे पाहिले आणि वाजिदच्या बोलण्यातून त्याला जसजसं कळत गेलं, तसतसा त्याच्या तोंडाचा रंग उडत गेला. आपण भंगार समजलो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. हिबा पुढे गेली आणि तिने एका फितीला बोट लावलं. फीत बोटाखाली थांबली, गुणगुण थांबली. तिने बोट काढलं नाही.

मयूरने आतून कॅसेटींच्या रिकाम्या डब्यांची पिशवी आणली. वाजिद उन्हातच फतकल मारून बसला आणि एकेक डबा बघायला लागला. कव्वाली, हिंदी, अरबी, हिंदी. रियाजच्या कॅसेटीवर काही लिहिलेलं नव्हतं, पांढरी होती, एवढंच त्याला आठवत होतं. पांढरा डबा पिशवीत नव्हता. म्हणजे त्या ताणलेल्या फितींत ती नव्हती, किंवा तिचा डबा फेकला होता. दोन्ही होऊ शकत होतं.

"एक व्हॅनमध्ये आहे," मयूर एकदम म्हणाला. त्याच्या तेलुगू ड्रायव्हरने खोक्यातल्या सगळ्या कॅसेटी व्हॅनच्या जुन्या प्लेअरमध्ये लावून पाहिल्या होत्या, आणि एक त्याला इतकी आवडली होती, की ती त्याने बांधायला दिली नाही. रोज डबे पोचवताना तीच लावतो. कुठलं तरी इंग्रजी गाणं आहे. पांढरी का काळी ते मयूरला माहीत नव्हतं. व्हॅन डबे पोचवायला जहराला गेली होती.

ती येईपर्यंतचा वेळ वाजिदला कसा गेला ते सांगून कळायचं नाही. त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं, त्याने ते हातात धरून ठेवलं. दुकानातली, त्या चौघांचीच कॅसेटही खोक्यात होती, ती निघाली तर? ती तर हिबाला कुठल्याही फोनवर मिळेल. व्हॅन रस्त्यात बंद पडली तर? आणि त्याच्याही खाली एक काळजी होती, ती त्याने अल्लालासुद्धा बोलून दाखवली नाही: रियाजचा आवाज मला तरी ओळखता येईल का? किती वर्षं झाली. त्याला रियाजचं हसणं आठवत होतं, चालणं आठवत होतं. आवाज आठवायला गेलं की त्या अमेरिकन माणसाचाच आवाज यायचा.

व्हॅन आली. ड्रायव्हरने हिंदीत सांगितलं, की कॅसेट पांढरीच आहे, पण बाहेर निघत नाही, बटण अडकलंय. मागे नेता येते, पुढे नेता येते, तेवढंच. ओढून काढली तर फीत तुटेल. आणि हा प्लेअर कधी कधी फीत खातो. म्हणजे ऐकायचं ते इथेच, आणि कदाचित एकदाच. हिबा ड्रायव्हरच्या जागेवर चढली, वाजिद शेजारी. आत आमटीचा वास भरला होता. तिने फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं, फोन स्पीकरजवळ धरला आणि बटण दाबलं.

खरखर झाली. मग ठेका आला, मग मागचे तिघे, आणि मग तो पुढचा आवाज, खर्जातला, खरखरीत, मध्येच फाटणारा.

"विच वन इज हिम, चाचा?" हिबाने हळूच विचारलं.

वाजिदने डोळे मिटले. पुढचा आवाज एकच ऐकू येत होता. त्या काळी दुकानात एका यंत्रावर गाणं लावायचं, दुसऱ्यावर माइक लावून त्याच्याबरोबर गायचं, असं त्यांनी केलं होतं. म्हणजे दोन आवाज असायला हवे होते. पण रियाजची नक्कल इतकी तंतोतंत असायची, की दोन आवाज एकात एक बसून जायचे आणि त्याचा तेव्हा केवढा अभिमान वाटायचा. आता त्याच अभिमानाने घात केला होता. हा रियाज होता की नुसताच तो अमेरिकन? त्याला कळत नव्हतं. पोर त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्याला खरंच कळत नव्हतं.

गाणं शेवटाकडे आलं. ते चौघे एकच ओळ घोळवत घोळवत लहान होत गेले, जुन्या गाण्यांत होतात तसे, दूर गेल्यासारखे, आणि विरून गेले. खरखर तेवढी उरली. हिबाने श्वास सोडला.

आणि त्या खरखरीत एक आवाज अजून गात होता. एकटा. ठेका नाही, साथ नाही. तीच ओळ, लांबून, पोकळीत घुमत, आणि गाण्याच्या मध्ये चपलांचा फटफट आवाज.

"तो जिना उतरतोय," वाजिद म्हणाला. त्याला एकाएकी सगळं दिसलं. गाण्याच्या शेवटी आवाज लहान होतो तो यंत्राचा कान पिळून, हे त्या दोघांना कुठे ठाऊक होतं? त्यांना वाटायचं, गायक गात गात खरेच माइकपासून लांब जात असणार. म्हणून रियाज खोलीतून गात निघाला होता, दारातून बाहेर, हवल्लीच्या त्या इमारतीचा जिना उतरत. "हिबा, हाच. तुजा बाप. हाच."

आवाज अगदी बारीक झाला आणि थांबला. हिबाचा अंगठा फोनवर पांढरा पडला होता. काही वेळ काहीच नाही. मग चपला पुन्हा वाजल्या, आता घाईने, वर येणाऱ्या, आणि माइकच्या अगदी जवळ एक तरुण मुलगा धापा टाकत कोकणीत बोलला.

"गेलो काय रे मी?"

"नाय. अजून आयकू येत व्हतास," दुसरा आवाज म्हणाला. तो वाजिदचा होता. "अजून लांब जा."

"अजून? आता काय सालमियापर्यंत गात जाव? खालचा वॉचमन ईचारतोय, तुजा पोट दुखताय काय म्हणून."

हिबा हसली. एकदम, मोठ्याने, तोंडावर हात न्यायलाही तिला वेळ मिळाला नाही, आणि तिचं हसणं बापाच्या धापांसकट फोनमध्ये उमटलं. मग ती वाजिदकडे वळली. तिचे गाल ओले झाले होते. सगळ्यांनी तिला आयुष्यभर सांगितलं होतं, की अब्बा नेक होते, नमाजी होते, छान गायचे, देवमाणूस होते.

"नोबडी टोल्ड मी ही वॉज फनी," ती म्हणाली. "व्हाय डिडन्ट एनीबडी टेल मी, चाचा?"

रियाज दिवसभर हसवायचा. ग्राहकांना हसवायचा, मालकाला हसवायचा, काळजी करत बसलेल्या वाजिदला तर रोज हसवायचा. पण मेलेल्या माणसाबद्दल सांगताना त्याच्या गमती सांगणं कोणालाच बरं दिसलं नाही, वाजिदलाही नाही, आणि म्हणून ही पोर एका देवमाणसाची मुलगी म्हणून मोठी झाली. वाजिदला हुंदका फुटला, आवरला नाही.

हिबाने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. प्लेअरमध्ये रियाज पुन्हा गायला लागला होता, पुन्हा दारातून बाहेर पडत होता. आपला सोलांनी लाल झालेला हात वाजिदने तिच्या हातावर ठेवला, आणि दोघं तशीच बसून, श्वास धरून, तो जिना उतरून जाईपर्यंत ऐकत राहिली.